दुकानाचा नंबर

आमच्या गावात कुणालाही फोन नंबर विचारा, निम्मे लोक माझा सांगतील. यात माझी काही थोरवी नाही. तेलंगणात, बेल्याच्या पुढे, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून असलेलं हे गाव. घरटी एखादा फोन असतो, तो घरधन्याच्या खिशात असतो, आणि घरधनी शेतात नाहीतर आदिलाबादच्या बाजारात असतो. शिवाय रिचार्ज संपलं की नंबर बंद पडतो आणि काही महिन्यांनी नवं सिमकार्ड येतं. माझ्या किराणा दुकानाचा नंबर मात्र दुकान उघडलं तेव्हापासून चालूच आहे. त्यामुळे गॅसवाला असो, बँक असो, दवाखाना असो की पोरांच्या परीक्षेचा अर्ज असो, "मोबाइल नंबर?" असं कुणी विचारलं की आमची माणसं "दुकानाचा लिहा" म्हणून मोकळी होतात. मला विचारायची पद्धतच नाही.

सुरुवातीला मी चिडायचे. मी तोंडाची फटकळ आहे आणि चिडायला मला फार कारण लागत नाही. "तुमच्या घरी नंबर पिकत नाई का?" असं मी कितीजणांना तोंडावर विचारलं असेल. ते हसायचे, पावशेर गूळ घ्यायचे आणि पुढच्या अर्जावर पुन्हा माझाच नंबर लिहून यायचे. शेवटी मीच हात टेकले.

या फोनला आता फार अक्कल आली आहे. आपण कोण, आपल्याला काय हवं, हे त्याला म्हणे सगळं कळतं आणि ज्याचं त्याला बरोबर पोचतं. माझ्या फोनच्या लेखी मी एकच बाई आहे. तिला सातवा महिना लागला आहे, तिचे गुडघे दुखतात, तिला साखरेची बिमारी आहे, ती पोलीस भरतीची तयारी करते आहे आणि तिच्या कपाशीवर गुलाबी बोंडअळी पडली आहे. या बाईला तो सकाळपासून 'खास आपल्यासाठी' म्हणून काय काय दाखवत असतो. बाळाचं झबलं, त्याच्याखाली टेकायची काठी, त्याच्याखाली पळायचे बूट. कधी कधी मला त्या बाईची दया येते.

पण खोटं कशाला बोलू, त्यातलं बरंच उपयोगाला येतं. लसीची तारीख आली की मी अमकीच्या घरी निरोप देते. अळीचा मेसेज आला की त्या शेतकऱ्याला हाक मारून वाचून दाखवते. माझा एकच नेम आहे. ज्याचं आहे त्यालाच सांगायचं, बाजूला घेऊन सांगायचं, आणि मग ती गोष्ट पोटात ठेवायची. दुकानाच्या बाकावर दिवसभर माणसं बसतात, त्यांना बोलायला विषय हवा असतो, पण तो माझ्या फोनमधून कधी मिळालेला नाही. ज्यांनी मिळवायचा प्रयत्न केला त्यांना मी बाकावरून उठवलं आहे.

माझ्या घराला लागून भाजीपाला पिकवणारं एक घर आहे. त्या घरची बाई आणि मी एकाच लग्नसराईत या गावात सुना म्हणून आलो, त्यामुळे आमच्यात अहो-जाहो कधी झालंच नाही. तिची थोरली मुलगी इंटरची, म्हणजे बारावीची, परीक्षा देऊन घरी आली आणि त्या उन्हाळ्यात एका सकाळी भाकरी थापताना तिला फिट आली. हात तव्यावर पडला. मी धावत गेले तेव्हा आई तिला मांडीवर घेऊन नुसती "माह्या बाई, माह्या बाई" करत होती. मनगटापासून वर गेलेला तो डाग अजून आहे.

आदिलाबादच्या डॉक्टरांनी मिरगी सांगितली. गोळी रोजची, दोन्ही वेळची, आणि एकदाही चुकवायची नाही. चुकवली नाही तर पोरगी चारचौघींसारखी राहील, संसार करेल, लेकरं होतील, असं त्यांनी समोर बसवून समजावलं. बाहेर आल्यावर तिच्या आईने माझा हात धरला आणि म्हणाली, "हे चौघाइतच राहू दे. तू, मी, हे आन् पोरगी." 'हे' म्हणजे तिचा नवरा. मी मान डोलावली.

आधी तिचा बाप बाजाराला गेला की आदिलाबादच्या औषधाच्या दुकानातून गोळ्या आणायचा. पण भाजीची घाई असली की विसरायचा, किंवा बस निघून जायची. कापूस वेचणीच्या दिवसांत असाच खंड पडला आणि पोरीला विहिरीच्या काठाशी फिट आली. ती काठाच्या अलीकडे पडली, पलीकडे नाही, एवढीच देवाची कृपा. त्यानंतर तिच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी एका कंपनीचं सुचवलं. फोनवरून गोळ्या मागवायच्या, पार्सल बसने बेल्याहून माझ्या दुकानात येणार, आणि दोन्ही वेळच्या गोळीची आठवण फोन करणार. नाव पोरीचं, नंबर अर्थात दुकानाचा.

आधी इंग्रजीत मेसेज यायचा. मग एके दिवशी फोन उचलला तर आतून एक बाई अगदी शुद्ध मराठीत बोलली, "ताई, आपली गोळी घेण्याची वेळ झाली आहे. काळजी घ्या हं." त्या 'हं'वर आम्ही दोघी पोट धरून हसलो. पोरगी म्हणाली, "काकू, इतक्या मानानं मले अजून कोनी बोललं नाई." सकाळ-संध्याकाळ ती काडेपेटी नाहीतर हळद घ्यायच्या निमित्ताने दुकानात यायची, गोळी दुकानातच घ्यायची, माझ्या माठातलं पाणी प्यायची आणि जायची. विहिरीच्या काठच्या त्या दिवसानंतर तिला फिट आली नाही. हे त्या फोनमुळे झालं, आणि मी ते कधीच नाकारणार नाही.

बिघडलं ते दुसरीकडे. त्या बाईच्या पाठोपाठ फोनवर इतर गोष्टी उगवायला लागल्या. पोरीचं नाव घेऊन, "आपल्या आजारासाठी" म्हणून. मिरगीवर खात्रीशीर जडीबुटी, मिरगीच्या रुग्णांसाठी विमा, मिरगी असलेल्यांचं विवाह मंडळ. आम्ही चौघांनी जे बाहेर जाऊ दिलं नाही, ते काळ्या काचेवर पांढऱ्या अक्षरात उजळून यायचं, आणि फोन तर दुकानाच्या गल्ल्याजवळ सगळ्यांसमोर पडलेला असायचा. मी फोन पालथा ठेवायला शिकले.

त्यातच तामसीकडचं एक स्थळ आलं. मुलगा शेती करणारा, दिसायला नीटनेटका, घर भरलेलं. सुपारी फोडायला ती मंडळी आली त्या दिवशी मुलाचा काका माझ्या दुकानात पान खायला आला आणि बाकावर टेकला. मी चुना लावते आहे तेवढ्यात फोन उजळला. त्या दिवशी घाईत तो उताणा राहिला होता. मी पटकन हात टाकला. काकाने फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, पान तोंडात घातलं आणि "लय चांगलं पान लावता बाई" म्हणून उठून गेला. त्याला वाचता आलं नसेल, असं मी मनाशी म्हटलं. तिकडे घरात मुलाची आत्या चहाची बशी घेताना पोरीच्या मनगटाकडे बघत राहिली होती, हे मला नंतर कळलं. भाकरीचा तवा लागला म्हणून सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं. सुपारी फुटली.

दुसऱ्या दिवशी पोरीची आई दुकानात आली ती थेट आतच आली, गिऱ्हाईक जायची वाट न बघता.

"ते फोनातलं काढून टाक," ती म्हणाली. "सारं काढ. एक दिवस हा फोन माह्या पोरीचं वाटोळं करीन."

योगायोग असा की त्याच आठवड्यात त्या कंपनीकडून एक मेसेज आला होता. माणसांची माहिती कुणी कशी ठेवायची याचा आता कायदा झाला आहे, म्हणून ते संमती मागत होते. आणि मागत होते मराठीत. याचं मला फार नवल वाटलं. आमच्या मंडल ऑफिसात कागद तेलुगूत येतो, पोरांची शाळा तेलुगूत, आणि माझे सासरे उर्दूतल्या जुन्या तहसिलीच्या सवयीने असल्या संमतीला 'रजामंदी' म्हणायचे. आमच्याशी आमच्या भाषेत कामाचं बोलावं असं कुणाला आजवर वाटलं नव्हतं. मी तो मेसेज चष्मा लावून सबंध वाचला. गोळीची आठवण चालू ठेवायची का, तुमची माहिती दुसऱ्या कंपन्यांना द्यायची का, की सगळंच पुसून टाकायचं, असं त्यात सरळ विचारलं होतं. विवाह मंडळवाले कुठून आले होते ते मला तेव्हा कळलं.

मी हे तिला समजावलं. ती म्हणाली, "मंग पुस ना. बसली काऊन?"

"पुसलं त गोळीचा फोन बी बंद होईन."

"मी करीन आठोन."

"विहिरीच्या वेळी केली होती का?" मी म्हटलं. हे कडू होतं, पण मी ते बोलले. मग जरा आवाज उतरवून म्हटलं, "यात नाव पोरीचं हाय. ते आता लहान नाई. तिले पाठव, ते म्हणन तसं करू."

"माय हाव मी तिची."

"माय हायस, पन गोळी तू नाई खात."

ती निघून गेली. तिच्यासाठी काढलेला चहापत्तीचा पुडा गल्ल्यावर तसाच राहिला. तिचा राग मला कळत होता. पोरीच्या मिरगीचा बोभाटा झाला तर हे स्थळ जाईल, हे जाईल आणि दुसरंही येणार नाही, धाकटीचंही अडेल, हे मला काय ठाऊक नव्हतं? मी याच गावात राहते. पण आजार जिचा, हात भाजला जिचा, तिला न विचारता तिचं काही ठेवायचं किंवा पुसायचं, हे माझ्याच्याने होईना. नंबर माझा होता. तेवढ्यापुरता माझा हक्क होता, आणि तेवढाच होता.

पोरगी दुपारी आली. गाव वेचणीला गेलेलं, बाकावर कुणी नव्हतं. मी फोन तिच्या हातात दिला आणि तांदूळ निवडत बसले.

तिने फार वेळ घेतला. मग म्हणाली, "काकू, हे मलेच विचारून राह्यले का?"

"तुह्यंच नाव हाय ना वरतं."

"'आपणास मान्य आहे का' म्हणते." ती ते पुन्हा वाचायला लागली. "नंबर लिहला तवा मले कोनी विचारलं नाई. सुपारीच्या दिवशी बी नाई विचारलं. आईनं साडी काढून देल्ली आन् म्हने, नेस."

आमच्या घरांत असंच होतं. मलाही कुणी विचारलं नव्हतं, आणि मी ते इतक्या वर्षांत कधी आठवलंही नव्हतं. त्या दुपारी आठवलं आणि वाईट वाटलं, पोरीसाठी आणि थोडं स्वतःसाठीही.

तिने गोळीची आठवण राहू दिली. दुसऱ्या कंपन्यांना नाही म्हणून सांगितलं. मग त्या फोनने, हे सगळं आपणच करत आहात याची खात्री करण्यासाठी, एक आकडा पाठवला. तोही माझ्याच फोनवर. पोरीची खात्री माझ्या फोनवरून! मी तो वाचून दाखवला, तिने भरला आणि आम्हा दोघींना जरा हसू आलं. खाली आणखी एक ओळ होती. आपली माहिती आजवर कुणाला दिली, हे विचारण्याचा आपणास अधिकार आहे. तिने तेही दाबलं. उत्तर मागाहून येईल असं आलं.

फोन परत देईल असं मला वाटलं, पण तिने तो हातातच धरून ठेवला.

"एवढी मोठी कंपनी मले विचारते," ती म्हणाली, "आन् ज्याच्या घरी मले जलमभर राहाचं हाय त्याले मी सांगू नाई? गोळ्या कुठं लपवू मी तिकडं? पिठाच्या डब्यात?"

"आईले विचारलं का?"

"आई नाई म्हणन. तुमी नाई म्हणता का?"

मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. "तुह्यं तू ठरव," म्हटलं. मुलाचा नंबर तिला पाठ होता. सुपारीच्या दिवशी तिच्या बापाने तो मोठ्याने वाचला होता. आजवर तिने लावलेला मात्र नव्हता. तिने लावला आणि मी दुकानातून बाहेर पडले, चांगली रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिले, ऐकू येऊ नये म्हणून. कापसाच्या दोन बैलबंड्या गेल्या. एका मोटारसायकलवाल्याने विडीचं बंडल मागितलं, त्याला मी "दुकान बंद हाय" म्हणून लावून दिलं. दुकान सताड उघडं होतं. तो माझ्याकडे बघतच गेला.

पोराने तिकडेच फोन आपटला तर या पोरीचं काय होईल, आणि ते माझ्या दुकानात झालं असेल. मी मनात देवाचं नाव घेतलं.

ती बाहेर आली तेव्हा रडत नव्हती. म्हणून मला बरं वाटलं.

"काय म्हणाला?"

"त्यायले ठाऊकच होतं," ती म्हणाली.

मला आधी समजलंच नाही. मग तिने सांगितलं. पहिल्यापासून ठाऊक होतं. त्यांचा एक पाहुणा आदिलाबादला त्या औषधाच्या दुकानात कामाला आहे, जिथून तिचा बाप आधी गोळ्या आणायचा. स्थळाची बोलणी निघाली तेव्हाच त्याने सांगून टाकलं होतं. आमचा फोन, तो पालथा ठेवणं, कंपनी, कायदा, यातलं काहीच आड आलं नाही. एका माणसाने दुसऱ्याच्या कानात सांगितलं आणि झालं. त्याला कुणी संमती विचारायला लावणार नव्हतं.

"आत्याले, काकाले, सगळ्याइले ठाऊक हाय," ती म्हणाली. "मी चहा घेऊन आली तवा सारे पाहून राह्यले होते, हे सांगतेत का नाई. मी म्हटलं, मंग तुमी काऊन नाई बोलले? त हासला. म्हने, आमच्या आईनं मोठं मन केलं. आमी माफ केलं, आता हा विषय काढू नको."

मग माझ्याकडे बघून म्हणाली, "काकू, मी काय केलं होतं?"

मी तिला जवळ घेतलं. माझ्या डोळ्यांना पाणी आलं, तिच्या नाही. मग ती म्हणाली, "तिथं जाऊन मी रोज माफी खाईन का गोळी खाईन?" आणि माठातलं पाणी पिऊन घरी गेली. त्याच संध्याकाळी तिने आईबापाला सांगितलं की हे लग्न तिला करायचं नाही. बाप ओरडला, चुलता येऊन समजावून गेला, पण ती बधली नाही. सुपारी परत गेली. कारण विचारलं गेलं, आणि मग कारण तामसीपासून बेल्यापर्यंत सगळ्यांना कळलं. एवढे दिवस जपलेलं सगळं आठवड्याच्या आत उघडं पडलं. आता बाकावर बसणारी माणसं पोरगी दिसली की गप्प होतात, आणि मी त्यांना रोज उठवू शकत नाही.

तिची आई बऱ्याच दिवसांनी आली. भांडायला आली असेल म्हणून मी तयारीत होते. ती पायरीवर बसली. तिला मी पाणी दिलं, ते तिने घेतलं.

"त्यायले सारं ठाऊक होतं," ती म्हणाली. "ठाऊक असून बी करून घेत होते. अजून काय पायजे होतं मले? पोरीचं सोनं झालं असतं. काई सांगाचं नाई पडत होतं, काई लपवाचं नाई पडत होतं."

मी तिच्या हातातला पेला परत घेतला.

"एक सांग मले," ती म्हणाली. "तू तिले विचारलंच काऊन?"

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिच्या आवाजात राग असता तर मला काहीतरी उलट बोलता आलं असतं. पण ती रागावलेली नव्हती. तिला ते खरंच समजत नव्हतं, आणि समजून घ्यायला म्हणून ती माझ्याकडे आली होती.